खंडेनवमीच्या पाटावर काय ठेवायचं

तिसगाव,
६ ऑगस्ट २०२५

चि. पार्थ,

आशीर्वाद. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोन जवळ नेला की कानातलं मशीन शिट्टी मारतं. मग मी ओरडतो, तू ओरडतोस, तुझी आजी चुलीपासून तिसरंच काही ओरडते आणि कुणालाच काही कळत नाही. लिहिलेलं मी चार वेळा वाचू शकतो. तूही पत्रच पाठव. अक्षर मोठं काढ.

काल तू आजीशी फोनवर बोललास. फोन ठेवून ती मला म्हणाली, "पोराला बढती मिळाली. आता सॉफ्टवेअर लिवायचं न्हाई, म्यानेजर झालाय." मी विचारलं, कशाचा? म्हणे, प्रॉडक्टचा. प्रॉडक्ट म्हणजे काय, तर ते तिनं विचारलंच नाही. वर मलाच म्हणते, "म्यानेजर म्हणल्यावर चांगलंच आसंल की. तुमी का तोंड पाडून बसलाय?"

मी स्टँडवर मार्तंड गुरुजींना गाठलं. त्यांचा भाचा तुमच्याच लायनीत आहे. गुरुजी म्हणाले, "गोरक्षराव, हा माणूस स्वतः काही बनवत नाही. काय बनवायचं ते ठरवतो आणि दुसऱ्यांकडून करून घेतो." मी म्हणालो, म्हणजे मुकादम. गुरुजी हसले. मला हसू आलं नाही.

आजीनं आणि मी बावीस हंगाम ऊस तोडला. नवराबायको मिळून एक कोयता म्हणतात, तसे आम्ही एक कोयता होतो. हाताला काम येणं म्हणजे काय ते मला कळतं. कुणी विचारलं की मी सांगायचो, आमचा पार्थ पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. काय लिहितो ते कळत नव्हतं, पण लिहितो एवढं कळत होतं. आता काय सांगू?

खरं सांग, काम जमेना म्हणून बाजूला केलं का? कुणाशी भांडलास का? दहावीच्या मार्कांसारखं लपवू नकोस. आणि बढती आहे, असं मला समजावू नकोस. मुकादमकीचं मला कुणी सांगू नये.

तुझा आजोबा,
गोरक्ष

*

पुणे,
१३ ऑगस्ट २०२५

ती. आजोबा,

साष्टांग नमस्कार. अक्षर मोठं काढलं आहे. पाच वर्षांत पहिल्यांदाच पेनानं एवढं लिहितोय, बोटं दुखतायत.

मी कुणाशी भांडलो नाही. मला काढलेलं नाही. आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या पेशंटला कुठलं औषध किती वाजता द्यायचं, हे नर्सला कागदाऐवजी पडद्यावर दिसतं. आतापर्यंत मी ते लिहीत होतो. आता नर्सला नक्की काय हवंय, त्यातलं आधी काय करायचं, हे मी ठरवायचं. लिहिणार अनिमेष आणि अनन्या. अनिमेषला तुम्ही ओळखता. दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर आला होता, आजीच्या हातच्या बाजरीच्या पाच भाकऱ्या खाल्ल्या होत्या तो.

हे काम मी मागून घेतलं. पुढे जायचं तर हाच रस्ता आहे. तीन महिने बघणार, सप्टेंबरअखेर कायम करणार. हे तीन महिन्यांचं नगरला आईबाबांना सांगू नका.

आणि कृपा करून मुकादम म्हणू नका. इथे सगळे शिकलेले लोक आहेत. कुणी कुणावर ओरडत नाही.

आपला,
पार्थ

*

तिसगाव,
२४ ऑगस्ट २०२५

चि. पार्थ,

परवा पोळा झाला. आपल्याकडे बैल नाहीत, तरी आजीनं मातीचे केले आणि पुरणपोळीचा घाट घातला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि पोळी तशीच ताटात राहिली.

काय करायचं ते तू ठरवतोस. करतात ते दोघं. साहेब विचारणार तुला. मग याला दुसरं काय म्हणायचं ते तूच सांग. शिकलेले लोक ओरडत नाहीत, ते मला माहीत आहे. कारखान्याचा शेतकी ऑफिसरही ओरडत नव्हता. चहा पाजायचा.

मी मार्तंड गुरुजींना तुझं पत्र दाखवलं. दाखवायला नको होतं का? ते म्हणाले, "पगार वाढला का?" मी म्हणालो, विचारलं नाही. ते म्हणाले, मग काय विचारलंत? या माणसाशी बोलायची सोय नाही.

दुसरी एक काळजी आहे. खंडेनवमी महिन्यावर आली. दरवर्षी पाटावर माझा कोयता असतो, आजीचा विळा असतो आणि मध्ये तुझा लॅपटॉप. आजी त्याला हळदीकुंकू लावते आणि तू ओरडतोस, "आजी, बटणांवर नको!" तो लॅपटॉप कंपनीनं ठेवू दिला का? ठेवू दिला असला तरी ते आता तुझं हत्यार राहिलं का? मुकादमाला हत्यार नसतं. नुसतं तोंड असतं. पाटावर काय ठेवायचं, हे आधी कळव. ऐन वेळी माझ्याच्यानं धावपळ होत नाही.

तुझा आजोबा

*

पुणे,
२ सप्टेंबर २०२५

ती. आजोबा,

सा. नमस्कार. माझं पत्र गुरुजींना दाखवू नका. कुणालाच दाखवू नका.

लॅपटॉप आहे. पण त्यावर मी दिवसभर तक्ते भरतो आणि मीटिंगला बसतो. काल सहा मीटिंग झाल्या. संध्याकाळी आठवायला लागलो की आज आपण काय केलं, तर सांगण्यासारखं काहीच नाही. आधी निदान बारकी का होईना, चूक शोधून दुरुस्त केलेली असायची.

परवा तशी एक चूक दिसली. दहा मिनिटांचं काम. माझे हात शिवशिवले आणि मी ती स्वतःच दुरुस्त केली. अनिमेष माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?" साहेब! पाच वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. आता मी जेवायला गेलो की बोलणं थांबतं. डबा कुणी पुढे करत नाही. मग मी बाहेर जाऊन वडापाव खातो.

तुमच्याशी खोटं बोललो ते सांगतो. काम मी मागून घेतलं नाही. आता बरंचसं सॉफ्टवेअर मशीनच लिहितं. आम्ही आठ जण होतो. कंपनीनं तिघांना घरी पाठवलं, दोघे त्याआधीच गेले. राहिलो तीन. वरच्या लीना मॅडम म्हणाल्या, "पार्थ, लिहायला दोघं पुरेत. तू हे सांभाळ, नाहीतर दुसरीकडे बघ." मी हो म्हणालो.

एक विचारू? तुम्ही दोन्ही पत्रांत मुकादमाच्या नावानं खडे फोडलेत. मी आजीला फोनवर विचारलं, असं का? ती एकदम गप्प झाली. म्हणाली, "त्यांनाच इचार." काय झालं होतं?

आपला,
पार्थ

*

तिसगाव,
९ सप्टेंबर २०२५

चि. पार्थ,

तुझी आजी नको तिथे गप्प बसते आणि नको तिथे बोलते. काही झालं नव्हतं. जुन्या गोष्टी उकरू नकोस.

तू वडापाव खाऊन राहतोस, हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. शेवटी मला जे सुचलं ते मी केलं. तुझ्या नेमणुकीच्या कागदावर कंपनीचा पत्ता होता. मी लीनाबाईंना पत्र टाकलं. काय लिहिलं तेही सांगतो, नाहीतर म्हणशील आजोबांनी लपवलं:

"लीनाबाई यांस नमस्कार. आमचा पार्थ हाताचा कामसू आहे. मुकादमकी त्याला झेपणार नाही, त्याचा स्वभाव भिडेचा आहे. कुणी काही विचारलं की आधी हो म्हणतो. तरी त्याला परत तोडणीवर घ्यावं. दोघांचं काम तिघांत वाटून द्यावं. त्याची आजी बाजरी आणि शेंगदाणे पाठवील. राग मानू नये."

त्यात वावगं काही नाही. गुरुजींना दाखवलं नाही.

तुझा आजोबा

*

पुणे,
१७ सप्टेंबर २०२५

आजोबा,

काय केलंत हे? लीना मॅडमनी तुमचं पत्र सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. "तुझ्या आजोबांचं आहे. मी वाचलं," एवढंच म्हणाल्या. अनिमेषनं ते माझ्या हातातून ओढलं आणि मोठ्यानं वाचलं. महिन्याभरात पहिल्यांदा तो हसला. आता सगळा मजला मला मुकादम म्हणतो. चहावाला पण. "मुकादम, साखर कमी का?"

आणि हे सगळं नेमकं वाईट वेळी. एका मोठ्या दवाखान्याला आमचं सॉफ्टवेअर ६ ऑक्टोबरला सुरू करून हवं आहे. मीटिंगमध्ये लीना मॅडमनी विचारलं, "पार्थ, होईल?" तुमचं पत्र त्यांनी नुकतंच वाचलेलं होतं. मला झेपत नाही असं त्यांना वाटायला नको होतं. मी म्हणालो, "होईल."

अनिमेषला आणि अनन्याला मी विचारलं नव्हतं. बाहेर येऊन सांगितलं, तर अनन्या म्हणाली, "तू लिहीत होतास तेव्हा ह्या कामाला तूच पाच आठवडे म्हणाला असतास." दोघं आता रविवारीही येतात. तरी पुरणार नाही, म्हणून तपासणीचे आठ दिवस मी कापले. दवाखान्याच्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आल्या की प्रत्येक औषधाचं प्रमाण बरोबर आलंय का, हे अनन्या एकेक करून तपासते. ते आता वरवर होईल. ती माझ्याशी बोलत नाही.

तुम्हाला यातलं काही कळायचं नाही. माझ्या भल्यासाठी कुणाला काही लिहू नका. मलाही नको.

पार्थ

*

तिसगाव,
२२ सप्टेंबर २०२५

चि. पार्थ,

आज घट बसले. पाऊस थांबायला तयार नाही, कपाशीत गुडघाभर पाणी आहे. लिहू नको म्हणालास तरी लिहितो. हे एकदा वाच आणि मग फाडून टाक.

पत्र पाठवलं ही माझी चूक झाली. मी घाबरट माणूस, घाबरलो की काहीतरी करून बसतो. पण तुझ्या पत्रातला "होईल" हा शब्द वाचला आणि मी डोक्यावरची टोपी काढून ठेवली. आजीनं विचारलं, कुणी गेलं का?

मीही एक हंगाम मुकादम होतो. अडतीस वर्षं झाली. अकरा कोयते माझ्या हाताखाली होते, सगळे आपल्याच गावचे. स्वतः तोडायचो तेव्हा कुणी विचारलं, हा फड किती दिवसांत निघेल, तर उत्तर माझ्या खांद्यातून यायचं. मुकादम झालो आणि कोयता खोपीत टांगला. एके दिवशी शेतकी ऑफिसरनं खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "गोरक्ष, ओढ्याकाठचा फड चार दिवसांत निघेल ना?" मी म्हणालो, "निघेल, साहेब." खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडातून ते फार सहज निघतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दव पडलं होतं. ट्रकला लावलेली फळी ओली होती. बाया डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून चढत होत्या आणि मी खाली उभा राहून "आटपा, आटपा" म्हणत होतो. बनुबाई चढताना घसरली. मोळी तिच्या पाठीवर आली.

मारुतीच्या देवळापाशी कमरेत वाकून चालणारी म्हातारी तुला आठवते? लहानपणी तू तिला वाकडी आजी म्हणायचास. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता आणि तू रडत विचारलं होतंस, "खरंच वाकडी आहे ना?" तीच बनुबाई. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती.

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दवाखान्यात मी खाली मान घालून बसलो होतो. ती म्हणाली, "गोरख, तू इचारलं आसतंस तर मी सांगितलं आसतं. दोन दिस झालं पाय ठरत नव्हता माझा." एवढंच. मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मग साहेबाला काय तोंड दाखवलं असतं?

पुढच्या हंगामाला मी परत कोयता धरला. लोकांना वाटलं गोरक्षला मुकादमकी जमली नाही. वाटू दे म्हणालो. दर दिवाळीला आजीच्या हातून बनुबाईला लुगडं पाठवतो. मी स्वतः तिच्या दारात गेलेलो नाही. देवळाशी ती दिसली की मी चपला शोधत बसतो.

मी सातवी शिकलेला माणूस, तुझ्या कामात काय करावं ते सांगू शकत नाही. औषधाचं प्रमाण चुकलं तर काय होतं, ते तूच जाण. मला फक्त एवढंच वाटतं की त्या पोरीला आठ दिवस कमी केलेस, ते तिला विचारून केले नाहीस.

तुझा आजोबा,
गोरक्ष

*

पुणे,
२७ सप्टेंबर २०२५

ती. आजोबा,

साष्टांग नमस्कार. पत्र फाडलं नाही.

पत्र मिळालं त्या दिवशी मी अनिमेष आणि अनन्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "मी तुम्हाला न विचारता हो म्हणालो. आता विचारतो. खरे किती दिवस?" अनिमेष म्हणाला, "मुकादम, आज सूर्य कुठून उगवला?" अनन्यानं एक कागद घेतला आणि त्यावर तिची कामं आणि त्यापुढे दिवस लिहिले. मग कागद अनिमेषकडे सरकवला, त्यानं त्याची लिहिली. तपासणीच्या आठ दिवसांखाली अनन्यानं दोन रेघा मारल्या. शेवटी तारीख आली २१ ऑक्टोबर. त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे, म्हणून भाऊबीज उरकून, २४.

तो कागद घेऊन मी लीना मॅडमकडे गेलो. म्हणालो, "६ तारखेला होणार नाही. मी विचारायच्या आधी बोललो होतो." त्यांनी कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हे दवाखान्याला तूच सांग. आत्ता, माझ्यासमोर." मी फोन लावला. तिकडचे डॉक्टर इतके ओरडले की तुमच्या मशीनशिवाय तुम्हालाही ऐकू आलं असतं.

मला कायम केलेलं नाही. आणखी तीन महिने बघू म्हणाल्या. पुढच्या वेळी आधी विचारून मग बोलायचं, हेही म्हणाल्या. बढती मागे जाते की नोकरीच जाते, मला माहीत नाही. त्यामुळे हे पत्र आनंदानं लिहितोय असं समजू नका. अनिमेषनं अजून डबा पुढे केलेला नाही. फक्त काल जेवायला गेलो तेव्हा पायानं एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

खंडेनवमीला येता येणार नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी भेटायला बोलावलं आहे, आणखी ओरडायचं असेल. लॅपटॉप पाठवता येत नाही, आणि तुमचं खरं आहे, ते आता माझं हत्यार नाही. आम्हा तिघांच्या अक्षरातला तो कागद सोबत ठेवला आहे. खाली मीही सही केली आहे. पटलं तर पाटावर ठेवा. नाहीतर जागा रिकामी ठेवा.

आपला,
पार्थ

*

तिसगाव,
४ ऑक्टोबर २०२५

चि. पार्थ,

आशीर्वाद. तुझं पाकीट खंडेनवमीलाच पोचलं. पोस्टमन येईपर्यंत मी आजीला पूजा करू दिली नाही. ती कावली. म्हणाली, "देवाला बी तुमच्या टपालाची वाट बघाया लावता व्हय?" मग पाटावर कोयता, विळा आणि मध्ये तुझा कागद ठेवला. आजी कुंकू लावायला गेली तर मी ओरडलो, "अक्षरावर नको!" तरी एक बोट लागलंच, अनन्याच्या त्या दोन रेघांवर. पुसत बसलो नाही.

तीन महिने, मग आणखी तीन महिने, हे काय चाललंय? माणसाला असं टांगून ठेवतात का? लीनाबाईंना मी काही लिहिणार नाही, घाबरू नकोस. पण हे बरोबर नाही.

दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं घेऊन मी बनुबाईच्या दारात गेलो. आजी बरोबर येते म्हणाली, मी नको म्हणालो. अर्ध्या रस्त्यातून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा पोचलो.

ती ओट्यावर बसली होती. सोनं तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "गोरख हाय का? मला वाटलं तुझ्या चपला आजून घावल्या न्हाईत." मला खाली बसावंसं वाटलं, पण गुडघे वाकेनात. तसाच उभा राहून म्हणालो, "बनू, मी तुला कधी विचारलं नाही. तुला काय पाहिजे?"

ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. म्हणाली, "आडतीस वर्सांनी इचारतोस व्हय? लुगडी लई झाली बाबा. पेटी भरली. सून नेसती त्यातली. मला ह्या ओट्याच्या पायरीला धराया काय तरी कर. रोज उतरताना भिंत चाचपती मी."

तीन पायऱ्या आहेत पार्थ. त्या रस्त्यानं मी रोज देवळात जातो. मला दिसल्या नाहीत. मी लुगडी घेत राहिलो.

मी विचारलं, दांडी किती उंच पाहिजे? तिनं वाकल्या वाकल्या हात पुढे केला आणि हवेत मूठ धरली. माझ्या मांडीएवढी. मी मनानं केली असती तर छातीएवढी केली असती. माझ्या कनवटीला सुतळी होती, त्या सुतळीनं मी तिच्या मुठीपर्यंतचं माप घेतलं आणि गाठ मारली.

काल वेल्डरकडे गेलो. सुतळी बघून तो म्हणाला, "परवा देतो, आजोबा." मी त्याच्या दुकानात नजर टाकली. दोन दरवाजे, एक ट्रॉली आणि पाण्याच्या टाकीचं स्टँड, सगळं अर्धवट पडलेलं. मी म्हणालो, "आधी हातातलं काम मोज आणि मग सांग." त्यानं माझ्याकडे तिरकं बघितलं. म्हणाला, "तुमी कारखान्यात सायेब हुता का?" मग बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "धा दिवस लागतील."

परत येताना बनुबाईला सांगितलं, दहा दिवस लागतील. ती म्हणाली, "लागू दी. तवर धरीन भित."

तुझा आजोबा,
गोरक्ष